रूथचा देश, फिलिपचा देश

"मग प्रभू कुणाच्या बाजूनं आहे, एवढं एकच सांगा बुवा! त्यांच्या की आपल्या?"

अनुग्रह हे इतक्या जोरात विचारत होता की चर्चच्या कौलांवरची कबुतरं उडाली.

दयाळबुवा कडुनिंबाखाली चिंचोके काढत बसले होते. संध्याकाळच्या जेवणाच्या आमटीला चिंच लागणार होती.

"आपल्या म्हंजे कुणाच्या?" त्यांनी विचारलं.

"आपल्या म्हणजे... रूथच्या!"

"असं व्हय," बुवा म्हणाले आणि त्यांनी पुढची चिंच उचलली.

अनुग्रह पाय आपटत कडुनिंबाला एक फेरी मारून आला.

दयाळबुवा त्रिभुवन हे आमच्या भागातले जुने ख्रिस्ती कीर्तनकार. पांढरा सदरा, गळ्यात लाकडी क्रूस, हातात चिपळ्या. प्रभूची गोष्ट सांगताना ते माणसाला आधी पोट धरून हसवत आणि तो हसत असतानाच रडवत. अनुग्रह उजागरे त्यांचा पट्टशिष्य. शाळेत गणित शिकवायचा, आवाज असा की माइक बिघडला तरी कोणाचं अडायचं नाही. हे साऱ्या गावाला माहीत होतं आणि त्याला स्वतःला जरा जास्तच माहीत होतं.

मी पेटी वाजवतो. म्हणजे दोघांच्या मध्ये बसतो आणि दोघांची बोलणी खातो.

त्या दिवशी आमच्या घोडेमाळच्या चर्चची वार्षिक सभा होती. दिवेलागणीला कीर्तन, मग सगळ्यांनी एकत्र जेवायचं. आणि पहिल्यांदाच बुवा खाली बसणार होते, अनुग्रह उभा राहणार होता.

सगळं छान जुळून आलं होतं. फक्त मध्ये लढाई आली.

लढाई लांबची. दोन देशांची. त्यांची नावं टीव्हीवाले दिवसभर घेत, पण घोडेमाळमध्ये ती कोणी घेत नसे. दक्षिणेकडच्याला आम्ही रूथचा देश म्हणायचो, उत्तरेकडच्याला फिलिपचा. अनुग्रहची धाकटी बहीण रूथ एका देशात नर्स होती. मार्थाचा नवरा फिलिप दुसऱ्या देशात बेकरीची गाडी चालवायचा. लढाई सुरू होईपर्यंत दोन्ही देश आम्हाला सारखेच होते. दोन्हीकडून साबण आणि चॉकलेटं यायची.

मग फिलिपच्या देशाचं विमान रूथच्या शहरावर आलं. तिच्याच दवाखान्याची एक बाजू ढासळली. परत जाताना ते विमानही पाडलं गेलं. दवाखान्याच्या उरलेल्या बाजूत जखमींना आणत होते, ते टीव्हीवर दिसत होतं. रूथ दिसत नव्हती.

तेव्हापासून तिचा फोन लागत नव्हता.

आणि तेव्हापासून मार्थाच्या ओट्यावर कोणी टेकत नव्हतं. तिला कोणी काही बोललं असं नाही. फक्त नळावर ती आली की बायांना घरची कामं आठवायची.

"मी आख्यान बांधलंय," अनुग्रह म्हणाला. "लढाईचं. आज तेच लावणार. तुम्ही फक्त हो म्हणा."

"आधी ऐकव तरी."

"इथं? आत्ता?"

"मी काय कान घरी ठेवून आलोय?"

अनुग्रहला तेवढंच हवं होतं. त्याने मला खूण केली. मी पेटी पुढे ओढली. योहान तबलजी बिडी विझवून आला, तबल्यावर दोन बोटं मारून त्याने सूर बघितला. मांडव बांधणारी पोरं शिडीवरूनच कान देऊन राहिली. पलीकडे बाया तांदूळ निवडत होत्या. त्यात मार्थाही होती, जरा बाजूला, आपलं सूप घेऊन.

अनुग्रहने डोळे मिटले. आणि जो सुटला...

*उत्तरेचा वैरी आला, आग ओकत गगनी,*
*दक्षिणेची लेक उभी, दिवा राखत सदनी;*
*हाण देवा, वीज हाण, चार त्याला माती,*
*उत्तरेच्या घरोघरी विझव साऱ्या वाती!*

खोटं कशाला बोलू? अंगावर काटा आला. चाल अशी चढती होती की माझी बोटं माझं ऐकेनात. योहान तर उठून वाजवायचा बाकी होता. पोरं शिडीवरून धडाधड उतरली आणि टाळ्यांवर ठेका धरून तिसरी ओळ ओरडायला लागली. "चार त्याला माती! चार त्याला माती!"

अनुग्रहने हात वर केला. सगळे थांबले. असं थांबवताही त्याला छान यायचं.

"आणि मंडळी, आता पाहा तो वैमानिक! ढगांतून गर्जत आला होता. आता कुठं आहे? चिखलात! भाजलेला, लोळतोय, पाणी पाणी करतोय!"

"मेला का?" एकाने विचारलं.

"जिवंत आहे म्हणे. उचलून त्याच दवाखान्यात नेला," दुसरा म्हणाला.

"कशाला नेला? ठेवायचा तिथंच!"

पोरं हसली. पुन्हा ठेका, पुन्हा पद. तांदूळ निवडणाऱ्या बायांचे हात थांबले होते. शेजारच्या गल्लीतली माणसंही कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

मार्था उठली. सूप घेऊन पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसली. ते बहुतेकांनी पाहिलं. कोणी तिला हाक मारली नाही.

पद संपलं. अनुग्रह धापा टाकत बुवांकडे बघत होता. कपाळावरून घाम गळत होता.

"फक्कड!" बुवा म्हणाले.

ते टोमणा मारत नव्हते. त्यांचे डोळे खरोखरच चमकत होते.

"लई फक्कड चाल बांधलीस लेका. माझ्या उभ्या जन्मात मला असली बांधता आली न्हाई."

अनुग्रह वाकून त्यांच्या पाया पडला. उठला तेव्हा छाती बोटभर फुगली होती.

"म्हणजे हो ना बुवा? लावू आज?"

"लाव की. पण एकदा मला म्हणून बघू दे. जिभेला गोडी लागलीया."

बुवा माझ्या खांद्यावर हात टेकून उठले. चिंचेचे हात सदऱ्याला पुसले. चिपळ्या घेतल्या.

म्हाताऱ्याचा आवाज आता पहिल्यासारखा राहिला नव्हता. वरच्या पट्टीत जरा फाटायचा. पण चाल त्यांनी एकदाच ऐकली होती आणि ती जशीच्या तशी उचलली.

*दक्षिणेचा वैरी आला, आग ओकत गगनी,*
*उत्तरेची लेक उभी, दिवा राखत सदनी...*

मला वाटलं बुवा चुकले. वय झालं, व्हायचंच. मी सूर धरून ठेवला, म्हटलं सावरतील. योहानचा ठेका जराही हलला नाही. पोरांच्या टाळ्या सुरू झाल्या, कारण चाल तीच होती आणि ओळही जागच्या जागी बसत होती.

*हाण देवा, वीज हाण, चार त्याला माती...*

"चार त्याला माती!" पोरं ओरडली.

*दक्षिणेच्या घरोघरी...*

"थांबा!"

अनुग्रहने तबल्यावर थाड्‌कन हात ठेवला. योहानची बोटं थोडक्यात वाचली.

"बुवा! तिथं रूथ आहे!"

चिपळ्या थांबल्या.

"आणि तिथं?" बुवांनी विचारलं.

ते पाण्याच्या टाकीकडे बघत होते. टाकीमागून सुपाचा आवाज येत नव्हता.

...

पोरांपैकी एकाचे हात अजून टाळीसाठी वर होते. त्याने ते हळूच खिशात घातले.

अनुग्रह मात्र गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"हे बरोबर नाही बुवा! चाल दोन्हीकडं बसते म्हणून दोघं सारखे होतात का? बाँब कुणी टाकला? त्यांनी! कुठं टाकला? दवाखान्यावर! मारणारा आणि मरणारा, दोघांना तुम्ही एका पंगतीला बसवताय!"

"कुणी बसवलं?"

बुवांचा आवाज एकदम चढला. मी पेटीचा भाता मिटून घेतला. बुवा चिडले की पेटी वाजू नये, हे मला अनुभवाने कळलेलं आहे.

"दवाखान्यावर बाँब टाकणं पाप हाय. चर्चात म्हण. बाजारात म्हण. फिलिपच्या देशाच्या राजापुढं नेऊन उभा केला तरी म्हण! मी मागं उभा राहून आमेन म्हणीन. आणि उद्या रूथच्या देशानं तेच केलं तर तवाबी म्हण. तवा घसा बसला म्हणून सांगू नगंस."

"मग माझं काय चुकलं?"

"पापाला पाप म्हणालास, ते बरोबर केलंस. पुढं घरोघरीच्या वाती विझव म्हणालास. ते कुणाकडं मागितलंस, बघितलंस का?"

अनुग्रह खांद्यावरच्या उपरण्याने कपाळ पुसायला लागला.

"ज्याच्याकडं मागितलंस, तो स्वतः खिळ्यांवर लटकत हुता," बुवा म्हणाले. "आणि मरताना मारणाऱ्यांसाठी काय मागत हुता, ते तू पोरांना रविवारी शिकवतोस. मी शिकवायची गरज न्हाई."

...

"म्हणजे मी गप्प बसायचं," अनुग्रह म्हणाला. "कुंपणावर बसायचं. हेही बरोबर, तेही बरोबर. मला नाही जमणार असला गुळमुळीतपणा."

"कुंपणावर बसणाऱ्याला काय दुखतंय?" बुवा म्हणाले. "मी तुला कुंपणावर बस म्हणतच न्हाई. दोन्ही घरांत जाऊन बस म्हणतो."

"दोन्ही घरांत?"

"एका घरातलं रडं तुला सोसवंना झालंय. दोन्ही घरांतलं सोसायचंय."

हे ऐकल्यावर अनुग्रहच्या चेहऱ्यावरचा सगळा ताठा उतरला. तो मटकन पेटीशेजारी बसला. त्याला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"नाही जमणार बुवा," तो म्हणाला. आवाज एवढा बारीक की मागच्या पोरांना ऐकूही गेला नसेल. "ती माझी बहीण आहे. तिला पाठवायला मीच घरात भांडलो होतो. आई नको म्हणत होती. मी म्हटलं, जाऊ दे, मोठी होईल. आता आई दर तासाला विचारते, काय म्हणाली रूथ? मी सांगतो, ठीक आहे म्हणाली. जेवली का विचारते. मी सांगतो, जेवली."

...

"मला राग येऊ द्या बुवा. राग गेला तर मागं काय उरेल, त्याची मला भीती वाटते."

बुवा त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

अनुग्रहने फोन काढला आणि पुन्हा लावला. पलीकडून त्या परक्या भाषेत एक बाई काहीतरी सांगायला लागली. तिचं बोलणं आता आम्हा सगळ्यांना पाठ झालं होतं, अर्थ न कळताही. अनुग्रहने फोन खिशात टाकला.

"रूथचं नाव आज कुणाच्या पदरी हाय, ते तरी विचारलंस का?" बुवा म्हणाले.

अनुग्रहने चमकून वर पाहिलं.

आमच्या चर्चची ही एक रीत आहे. गावातलं जे माणूस लांब आहे, संकटात आहे, त्याचं नाव सभेत घेतात आणि कोणीतरी उठून म्हणतं, "माझ्या पदरी." बाई असेल तर पदर पसरते, बाप्या असेल तर खांद्यावरचं उपरणं. मग त्या माणसाची खुशाली कळेपर्यंत रोज पहाटे त्याच्यासाठी प्रार्थना करायची आणि एकच वेळ जेवायचं, मध्ये चहासुद्धा नाही. एका पदरी एकच नाव. आणि स्वतःच्या घरातलं नाव घेता येत नाही, ते दुसऱ्यानेच घ्यायचं.

अनुग्रहच्या हे ध्यानातच राहिलं नव्हतं. आख्यान बांधण्याच्या नादात तो बहिणीचं नाव द्यायला विसरला होता.

"अरे देवा," तो उठत म्हणाला. "कुणाला सांगू आता? योहान, तू घेशील? माणसं यायची वेळ झाली..."

"घेतलंय," बुवा म्हणाले.

"कुणी?"

"सभेची वाटसुद्धा बघितली न्हाई. टीव्हीवर बातमी आली त्याच रोजी माझ्या दारात हुती." बुवांनी टाकीकडे तोंड करून हाक मारली. "मार्था! ए पोरी, ये इकडं!"

मार्था आली. सूप कमरेला धरलेलं, नजर खाली. पोरांनी वाट दिली, जरा जास्तच मोकळी.

अनुग्रह तिच्याकडे बघतच राहिला.

"वहिनी... तुम्ही?"

"व्हय मास्तर."

"तुम्ही... रूथसाठी?"

"मग कुणी घ्यायचं?" मार्था म्हणाली. "माणूस परमुलखात असलं आन् फोन लागंना झाला, की घरात काय हुतं, ते या गावात मला ठावं आन् तुमच्या आईला ठावं. आमच्या ह्यांचाबी लागत न्हाई."

"पण लोक तुमच्याशी..." अनुग्रह अडखळला. "आम्ही तुमच्याशी..."

"ते ऱ्हाऊ द्या. रूथताई सापडंल. मी रोज मागती."

तिचे ओठ कोरडे पडले होते. सकाळपासून चहाचे कप फिरले तेव्हा तिने घेतले नव्हते, आणि आम्हाला वाटलं होतं की बाई फुगून बसली आहे.

अनुग्रहचा चेहरा कसा झाला, ते मला सांगता येणार नाही. मी खाली बघितलं. योहाननेही खाली बघितलं.

"आणि फिलिपदादाचं नाव?" अनुग्रहने विचारलं. "ते कुणाच्या पदरी आहे?"

मार्था सुपातले तांदूळ उगाच सारखे करायला लागली.

"कुणी मागितलं न्हाई. आन् मी तरी कुणाला म्हणू, घ्या म्हणून?"

"माझ्या पदरी!"

अनुग्रह असा ओरडला की कुंपणापलीकडची माणसं आत आली. त्याने खांद्यावरचं उपरणं ओढून काढलं आणि दोन्ही हातांवर पसरलं.

"फिलिपदादाचं नाव माझ्या पदरी, बुवा! आत्ता! सभेची वाट मीही बघत नाही!"

मार्थाने तोंडाला पदर लावला आणि तिथेच सूप ठेवून ती हमसून हमसून रडायला लागली. तांदूळ निवडणारी एक म्हातारी लगबगीने आली आणि तिला धरून बसली. मग दुसरी आली. मग सगळ्याच. नळावर आठवणारी घरची कामं त्या वेळी कोणालाच आठवली नाहीत. योहानला काय करावं कळेना, म्हणून त्याने तबल्यावर जोरदार थाप मारली. पोरांनी टाळ्या पिटल्या, आणि या वेळी त्या कशासाठी पिटतोय हे त्यांना माहीत होतं. मीही डोळे पुसून घेतले, पेटीवाल्याकडे कोण बघतं?

तेवढ्यात चर्चची घंटा झाली. मांडवात दिवे लागले. वाड्यावस्त्यांवरून माणसं यायला लागली होती, मुलं पुढची जागा धरायला पळत होती.

अनुग्रह नुसता फुलून आला होता. लढाई जणू त्यानेच मिटवली होती.

"आता बघा बुवा! आता बघा कसं कीर्तन रंगवतो! ते पद काढून टाकतो. आता दोन्ही घरांचं गातो. मार्थावहिनींचं गातो, आईचं गातो. चला रे, पेटी उचला!"

मी पेटी उचलली.

"थांब," बुवा म्हणाले.

मी पेटी खाली ठेवली.

"अजून एक नाव उरलंय."

"कुणाचं?"

"तुझ्याच आख्यानात हाय की. चिखलात पडलाय, पाणी पाणी करतोय. त्याला तिथंच टाकून तू पुढं निघालास."

मांडवाकडे निघालेली पोरं जागीच थांबली.

"त्याचं?" अनुग्रह म्हणाला.

"त्याचं."

"त्या वैमानिकाचं?"

"व्हय."

अनुग्रह दोन पावलं मागे सरकला.

"बुवा, फिलिपदादाची गोष्ट वेगळी. त्यानं काय केलंय? तो पाव वाहतो. पण हा... यानं वरून बघितलं, बटण दाबलं. माझी बहीण खाली असताना दाबलं!"

"व्हय. त्यानंच दाबलं. ते पाप हाय, मघाशीच म्हणालो मी."

"मग?"

"मग काय? पदर पसर."

"मी फिलिपदादाचं घेतलंय! एका पदरी एकच नाव, रीत आहे!"

"फिलिपचं मी घेतो," योहान मध्येच म्हणाला. आणि आपण काय बोललो ते कळून त्याने जीभ चावली.

अनुग्रहने त्याच्याकडे असं पाहिलं की योहान तबल्यामागे लपला असता तर बरं झालं असतं.

"दुसरं कुणीतरी घ्या ना!" अनुग्रहने सगळ्यांकडे पाहिलं. पोरं मांडवाच्या दोऱ्या तपासायला लागली. मार्था काहीतरी बोलायला उठली, पण बुवांनी तिला हातानेच बसवलं.

"तुझ्या पदरी एक हाय, पोरी."

घंटा दुसऱ्यांदा झाली. मांडव भरला होता. चर्चचे पाळकसाहेब पायरीवरून हात करून बोलावत होते.

अनुग्रहच्या हातात उपरणं होतं. ते ना खाली येत होतं, ना नीट पसरत होतं. त्याच्या डोळ्यांतून आता पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याला हात मोकळा नव्हता.

आम्ही सगळे त्या उपरण्याकडे बघत होतो. मी पेटीची कड घट्ट धरून बसलो. पसरील की नाही? पसरील की नाही?

आणि मग मास्तरला काहीतरी सुचलं. गणिताच्या माणसाला सुचतं तसं. चेहरा एकदम उजळला.

"पण बुवा, नाव लागतं!" तो म्हणाला. "नाव घेतल्याशिवाय कुणाला पदरी घेता येत नाही, रीतच आहे. तुम्हीच शिकवलीत. आणि त्याचं नाव मला ठाऊक नाही. टीव्हीवर सांगितलं नाही, पेपरात आलं नाही. इथं कुणालाच ठाऊक नाही!"

खरंच होतं ते. आम्ही एकमेकांकडे बघितलं. नाव कोणालाच ठाऊक नव्हतं.

"मग सांगा," अनुग्रह म्हणाला. "कुणाला विचारू?"

बुवा जवळ आले. आपल्या चिंचेच्या हातांनी त्यांनी त्याचे डोळे पुसले.

"रूथचा फोन लागला की तिला विचार," ते म्हणाले. "जखमी समोर आला की नर्स आधी त्याचं नावच विचारती."